घर्षण नगण्य मानावे

मुलांचा मराठीचा निबंध, इतिहासाची सनावळी अथवा भूगोलाचा नकाशा यांबाबत कमालीची अलिप्तता पाळणारी, किंबहुना ‘तुझा अभ्यास तू कर’ या एका वाक्यात पालकत्वाची सारी जबाबदारी निकालात काढणारी आपली मध्यमवर्गीय मंडळी, त्याच मुलाने विज्ञानाचे पुस्तक उघडून ‘हे उदाहरण येत नाही’ एवढेच शब्द उच्चारताच, हातातले वर्तमानपत्र, निवडावयाची मेथी आणि दूरचित्रवाणीवरील मालिका ही सर्व कामे तहकूब करून त्याच्याभोवती का गोळा होतात, हा प्रश्न एखाद्या मानसशास्त्रज्ञाने हाती घेण्याजोगा आहे. आमच्यापुरते त्याचे उत्तर आम्हांस सापडले आहे. पदार्थविज्ञानाच्या उदाहरणात दगड असतो, विहीर असते, मोटार असते, भिंतीला टेकवलेली शिडी असते. आणि दगड, विहीर, मोटार व शिडी यांविषयी स्वतंत्र मत बाळगण्याचा अधिकार आपणांस जन्मतः प्राप्त झालेला आहे, अशी प्रत्येक सज्ञान नागरिकाची समजूत असते. मुलाला हवे असते उत्तर. जमलेल्या मंडळींना हवा असतो श्रोता. आणि उद्या सकाळी वही दाखवावयाची असल्यामुळे मध्येच उठून जाऊ न शकणारा श्रोता हा, सेवानिवृत्त मनुष्यास विचारा, किती दुर्मिळ असतो!

आमची पुतणी नववीत व दहावीत असतानाच्या काळात आमच्या घरी आणि एकूणच आमच्या इमारतीत जे साहाय्यकार्य चालले, त्याचे जवळून निरीक्षण करण्याचा योग आम्हांस आला. आम्ही स्वतः कलाशाखेचे असल्यामुळे आमच्याकडे कोणी काही विचारीत नसे, आणि त्यामुळे निरीक्षणास लागणारा निवांतपणा आम्हांस भरपूर मिळाला.

प्रथम या उदाहरणांतले जग कसे असते ते सांगितले पाहिजे. तेथील पृष्ठभाग इतके गुळगुळीत असतात की घर्षण नावाची चीज त्या मुलखात नांदतच नाही. दोरीला वजन नसते, कप्पी कुरकुरत नाही, मोटार कितीही लांबरुंद असली तरी ती एका बिंदूत मावते, आणि ती विरामावस्थेतून निघून, वाटेत एकही सिग्नल न लागता, बरोबर १० सेकंदांत ठरलेल्या वेगास पोहोचते. हवा असते, पण ‘हवेचा विरोध नगण्य मानावा’ अशी सूचना शेवटी कंसात दिलेली असल्यामुळे ती असून नसल्यासारखीच. पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने गोळे टाकले ही गोष्ट बहुधा गोष्टच आहे. त्याने खरे प्रयोग केले ते उतरत्या फळीवर गोळ्या सोडून. मुळाबरहुकूम, शब्दशः, कंसातल्या सूचनेसह हे उदाहरण सोडवून दाखवावयास १९७१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ‘अपोलो १५’ मधील डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर उभे राहून एका हातातून हातोडा व दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकदम सोडले, आणि दोन्ही एकाच वेळी खाली पोहोचले. म्हणजे पाठ्यपुस्तकातील कंस खरा करण्यासाठी माणसाला पृथ्वी सोडून जावे लागले. आमची मंडळी मात्र पृथ्वीवरच, आणि तीही पावसाळ्यात, राहून मदत करू पाहात होती.

आता तळमजल्यावरील, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या उपअभियंत्यांचेच पाहा. गुळगुळीत आडव्या पृष्ठभागावर ठेवलेल्या ५ किलोग्रॅम वस्तुमानाच्या ठोकळ्यास १० न्यूटन बल लावल्यास त्याचे त्वरण किती, असा सोपा प्रश्न होता. दहाला पाचाने भागून २ एवढे लिहिले की वही मिटावयाची. परंतु ज्या गृहस्थाने उभ्या हयातीत एकही गुळगुळीत पृष्ठभाग पाहिला नाही, आणि पाहिला असे कोणी म्हणाले असते तर ज्याने त्याचे बिल अडवून धरले असते, त्याच्या हाती हे उदाहरण पडले. पृष्ठभाग गुळगुळीत आहे याचा दाखला कोणी दिला? ठोकळा लाकडी की काँक्रीटचा? बल कोणत्या कोनातून? ‘काका, असं काही दिलेलं नाही,’ असे पुतणीने नम्रपणे निवेदन केले, तेव्हा ‘दिलेलं नसतंच गं; जागेवर जाऊन पाहावं लागतं,’ असे म्हणून त्यांनी एका घाटरस्त्याचा साद्यंत वृत्तांत सांगितला. तो संपला तेव्हा कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या होत्या. अखेरीस त्यांनी दोन हे उत्तर तत्त्वतः मान्य केले, पण ‘सुरक्षिततेचा गुणक दीड धरून’ वहीत तीन लिहावे अशी शिफारस केली.

याहून मोठे प्रकरण विहिरीचे. विहिरीच्या काठावरून अलगद सोडलेला दगड ३ सेकंदांनी पाण्यावर आदळतो, तर पाणी किती खोल आहे, असे ते उदाहरण होते. मुक्त पतन असल्यामुळे सुरुवातीचा वेग शून्य. उरले अर्धा गुणिले जी गुणिले काळाचा वर्ग. जी म्हणजे ९.८ धरला की ४४.१ मीटर. ओळी चार, गुण तीन. पण ज्या रविवारी हे उदाहरण निघाले त्या रविवारी घरी पाहुणे होते, आणि पाहुण्यांत मराठवाड्यातले मामा होते व रत्नागिरीकडच्या आत्याबाई होत्या. आणि विहीर हा विषय निघाल्यावर या दोन प्रांतांत एकवाक्यता होणे इतिहासात कधी घडलेले नाही.

‘चव्वेचाळीस मीटर म्हणजे एकशेपंचेचाळीस फूट,’ मामा म्हणाले, ‘एवढी विहीर आता कोण खणतंय? बोअर मारतात. आणि बोअरमध्ये दगड सोडलास तर वर मोटार काढायला मीच यायचा का?’ आत्याबाईंचे म्हणणे असे, की पुस्तकातले उत्तरच चुकीचे असले पाहिजे, कारण त्यांच्या परसातल्या विहिरीला भर वैशाखातही वीस फुटांवर पाणी असते, आणि मुळात पिण्याच्या पाण्यात दगड टाकावयास मुलांना शिकविणारे हे पुस्तक कोणी लिहिले त्याचे नाव तरी पाहू या. त्यावर दुष्काळ, पाटबंधारे, उसाला जाणारे पाणी आणि कोकणातले वाहून जाणारे पाणी असा वाद क्रमाक्रमाने चढत गेला. दगड अद्याप काठावरच होता.

इतक्यात आजोबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, डोळे न उघडताच ‘जी म्हणजे बत्तीस’ असे जाहीर केले. १९५८ पासून देशात मेट्रिक वजनेमापे यावयास लागली. आजोबा त्यापूर्वीच मॅट्रिक होऊन बसले होते. त्यांच्या हिशेबी पृथ्वी ही वस्तूंना दर सेकंदाला बत्तीस फुटांनी अधिक वेग देते, आणि सरकारने मापे बदलली म्हणून पृथ्वीने आपला शिरस्ता बदलावा हे त्यांना मान्य नाही. सोळा नव्वे एकशेचव्वेचाळीस, असा त्यांनी तोंडी गुणाकार करून १४४ फूट हे उत्तर दिले. कागदपेन्सिलीशिवाय, ऐंशी उलटल्यावर, आणि तेही आडवे पडल्या पडल्या! पुतणीने त्याचे मीटर केले तेव्हा ४३.८९ भरले. पुस्तकातल्या उत्तरात आणि आजोबांच्या उत्तरात २१ सेंटिमीटरांचा फरक पडला, आणि या फरकाचे पाणी कोठे गेले यावर आणखी अर्धा तास खर्ची पडला. वास्तविक बत्तीस हा आकडाच सोयीसाठी कापलेला, खरा बत्तीस आणि एक षष्ठांशाच्या आसपासचा. पण हे आजोबांना सांगणार कोण?

यानंतर वरच्या मजल्यावरचा, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात नुकताच शिरलेला एक तरुण, कसलीशी वाटी परत करावयास आला आणि त्याने ‘पण आवाज वर यायला वेळ लागेल ना?’ अशी नवीच शंका काढली. दगड आदळल्याचे आपणांस ऐकून कळते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. तेव्हा तीन सेकंदांतला काही वाटा ध्वनीचा. त्याने वर्गसमीकरण मांडले आणि खोली ४०.७ मीटरांवर आणली. हे गणित, निःपक्षपातीपणे सांगावयाचे तर, अतिशय सुरेख होते. त्याला एकच बाध होता, तो हा की उदाहरणात ‘ऐकू येतो’ असे नसून ‘आदळतो’ असे छापले होते. पण तोवर रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि एकाच विहिरीच्या चार निरनिराळ्या खोल्या, त्यांतली एक फुटांत, वहीच्या एकाच पानावर नांदत होत्या.

फुटांचा विषय निघालाच आहे तर एककांचे सांगून टाकतो. उत्तरापुढे एकक लिहिले नाही तर बाई अर्धा गुण कापतात. यावर ‘अर्ध्या गुणानं काय होतंय!’ अशी उदार भूमिका घेणारे एक काका प्रत्येक घरी असतात. त्यांच्या माहितीसाठी नमूद करावयास हवे, की १९९९ च्या सप्टेंबरात मंगळाच्या दारापर्यंत सुखरूप पोहोचलेले एक अमेरिकी यान नेमक्या त्याच अर्ध्या गुणापायी नाहीसे झाले. एका चमूने आकडे पौंडांच्या हिशेबात पाठविले, दुसऱ्याने ते न्यूटनच्या हिशेबातले समजून वापरले, आणि यान ठरल्यापेक्षा फार खाली, वातावरणात शिरले. आमच्या आजोबांना ही हकीकत वाचून दाखविली, तेव्हा त्यांनी फक्त ‘पौंडातच ठेवायचं होतं’ एवढा अभिप्राय दिला.

रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले की मात्र चमत्कार होतो. इतका वेळ ओसंडून वाहणारी बैठक क्षणार्धात रिकामी होते. मामांना गाडीची वेळ आठवते, उपअभियंत्यांना रक्तदाबाची गोळी आठवते. रसायनात विहीर नाही, मोटार नाही, मत बनविण्याजोगे काहीच नाही. तेथे मोल आहे. मोल म्हणजे ६०२२ लिहून त्यापुढे वीस शून्ये द्यावीत इतके कण, असे नववीचे मूल जेव्हा शांतपणे सांगते, तेव्हा शेअरबाजारापासून राष्ट्रसंघापर्यंत कोणत्याही विषयावर बोलू शकणारा मनुष्यही खिडकीबाहेर पाहू लागतो. या संख्येला ज्याचे नाव आहे तो आवोगाद्रो मूळचा कायद्याचा पदवीधर, आणि तोही धर्मसंस्थेच्या कायद्याचा. समान तापमानाच्या व समान दाबाच्या वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, हे त्याने १८११ साली मांडले. १८५६ मध्ये तो वारला तोवर बहुतेकांनी त्याकडे लक्ष दिले नाही. १८६० च्या कार्ल्सरूए येथील परिषदेत कान्निझारो याने ते प्रकरण पुन्हा पटलावर आणले तेव्हा कोठे रसायनज्ञांचे डोळे उघडू लागले. ती संख्या किती हे बिचाऱ्या आवोगाद्रोला आयुष्यभर ठाऊक नव्हते. तिला त्याचे नाव मिळाले तेही विसाव्या शतकात. तेव्हा मोल समजावयास उशीर लागला म्हणून नववीतल्या मुलांवर डोळे वटारणाऱ्यांनी, सबंध युरोपाला त्यासाठी अर्धशतक लागले होते, एवढे ध्यानात घ्यावे.

घरात कोणी उरले नाही तेव्हा पुतणीला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात धाडण्यात आले. फलकावर ‘केमिस्ट’ असे ठसठशीत लिहिलेले असल्यामुळे केमिस्ट्री तेथे मिळेल, हा आत्याबाईंचा तर्क निर्दोष होता. दुकानदार सज्जन. त्यांनी वही गिऱ्हाइकांच्या रांगेतून वरच्या वर घेतली, चष्मा कपाळावर चढविला, १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट तापविल्यास किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल हा प्रश्न दोनदा वाचला, आणि ‘कॅल्शियम रात्री जेवणानंतर घ्यायचं, दुधाबरोबर’ असे सांगून वही परत केली. पुढे पैसे घेता घेता त्यांनी ‘आमच्याकडे मोल नसतात, मिलिग्रॅम असतात,’ अशी पुस्तीही जोडली. (उत्तर ४.४ ग्रॅम. शंभर भार चुनखडीतून छप्पन्न भार कळीचा चुना राहतो, चव्वेचाळीस भार वायू जातो; प्रत्यक्ष भट्टीत टाकलेली चुनखडी इतकी शुद्ध नसते, पण उपअभियंते त्या वेळी हजर नव्हते ही ईश्वराची कृपा.)

या साऱ्या अवर्षणात रसायनाची खरी मदत जेथून आली त्या दिशेस कोणाची नजरही गेली नव्हती. आमच्या शेजारी मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून राहातात. विज्ञानाशी त्यांचा संबंध शाळेतच संपलेला. पुतणी जिन्यात बसून ब्युटेनचे समीकरण संतुलित करीत रडकुंडीस आलेली पाहून त्यांनी सहज विचारले, ‘काय बाळ, मेळ बसत नाही का?’ मेळ हा शब्द ऐकताच तिने वही त्यांच्यापुढे केली. ‘मला यातलं काही कळत नाही हं,’ असे ते म्हणाले. आमच्या माहितीप्रमाणे त्या दोन वर्षांत आमच्या इमारतीत हे वाक्य उच्चारणारे ते एकमेव प्रौढ गृहस्थ.

कळत नसल्यामुळे त्यांनी विचारावयास सुरुवात केली. डावीकडे काय? जमा. उजवीकडे काय? खर्च. कार्बन किती जमा? चार. किती खर्च पडला? एक. मग बाकी तिघे गेले कुठे? पुतणीने उजवीकडे चार लिहिले. हायड्रोजन दहा जमा, तर पाण्याचे रेणू पाच. ऑक्सिजन उजवीकडे तेरा झाला, आणि डावीकडे तो जोडीजोडीनेच मिळत असल्यामुळे साडेसहा जोड्या लागल्या. अर्धा रेणू पाहून पुतणी थबकली. पण आणे-पै हाताळलेल्या त्या गृहस्थांना अर्धकाचे काय भय! ‘सगळी खतावणी दुप्पट कर,’ त्यांनी हुकूम सोडला. ब्युटेनचे दोन रेणू, ऑक्सिजनचे तेरा. उलटपक्षी कार्बन डायऑक्साइडचे आठ आणि पाण्याचे दहा. मग त्यांनी वजनांचा ताळा मागितला. ११६ आणि ४१६ मिळून ५३२ जमा. ३५२ आणि १८० मिळून ५३२ खर्च. बाकी शून्य. त्यांच्या मुद्रेवर त्या क्षणी जे समाधान उमटले ते आम्ही वार्षिक जमाबंदी विनातक्रार पार पडलेल्या मनुष्याच्याच मुद्रेवर पाहिले आहे.

पुढच्या उदाहरणात घरगुती गॅसचे सिलिंडर होते. त्यात १४.२ किलोग्रॅम इंधन असते. ते सगळे ब्युटेनच आहे असे मानून, पूर्ण जळाल्यावर किती कार्बन डायऑक्साइड तयार होईल, असा प्रश्न. उत्तर आले ४३.१ किलोग्रॅम. हे ऐकून स्वयंपाकघरातून वहिनी हातातल्या लाटण्यासह बाहेर आल्या. चौदा किलोंतून त्रेचाळीस किलो निघतात हे त्यांना पटेना, आणि महिनाभर जपून वापरलेला गॅस असा तिपटीने हवेत जातो हे तर मुळीच रुचेना. अव्वल कारकुनांनी त्यांना तपशील समजावून दिला. सुमारे ५१ किलोग्रॅम ऑक्सिजन हवेतून उचल घेतलेला आहे, तो कोणी जमेस धरीत नाही. शिवाय २२ किलोग्रॅम पाणीही वाफेच्या रूपाने निघते. एकूण जमा ६५.१, एकूण खर्च ६५.१. ‘हवेतून येतं त्याची पावती नसते ना वहिनी, म्हणून घोटाळा होतो,’ ते म्हणाले.

रसायनाच्या मुळाशी महसुली दप्तर आहे हे त्यांना पुढे आम्हीच सांगितले. अभिक्रियेच्या आधीची व नंतरची वजने तराजूवर काटेकोर तोलून, वस्तू जळताना हवेतून काय घेते याचा हिशेब ज्याने चोख लावला, तो लाव्हाझिए हा फ्रान्सच्या राजाचा कर गोळा करणाऱ्या मक्तेदारांपैकी एक होता. सरकारी सारा वसूल करणाऱ्या मनुष्याला, अमुक वजन वाटेत नाहीसे झाले ही सबब ऐकून घेण्याची सवय कशी असेल? पुढे राज्यक्रांतीत, ८ मे १७९४ रोजी, इतर मक्तेदारांबरोबर त्याचाही शिरच्छेद झाला. हे ऐकून अव्वल कारकून बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘आमच्या खात्यात फार तर बदली होते.’

इतके सारे साहाय्य लाभूनही मुले शेवटी एकच वाक्य बोलतात, आणि ते ज्या घरात ऐकू आले नाही असे घर महाराष्ट्रात नसावे. ‘बाईंनी असं नाही शिकवलं.’ आजोबांचा तोंडी गुणाकार, तरुणाचे वर्गसमीकरण, उपअभियंत्यांचा गुणक या सर्वांवर हा एकच शेरा पडतो. आम्हांस पूर्वी ते मुलांचे हटवादीपण वाटे. पण प्रश्नाचे गुण नुसत्या उत्तराला नसून ‘दिलेले’, सूत्र, किंमती घालणे व एककासह उत्तर अशा पायऱ्यांना वाटलेले असतात, हे पाहिल्यावर मुलांचा व्यवहार आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटू लागला. तहसिलीत अर्ज विहित नमुन्यातच द्यावा लागतो, मागणी कितीही रास्त असो. अलीकडे काही मुले हा सगळा जाच टाळून थेट फोनला विचारतात. फोन पायऱ्यांसकट उत्तर देतो, घाटरस्त्याची हकीकत सांगत नाही, हे त्याचे मोठेच गुण. मात्र ‘मला यातलं काही कळत नाही’ हे वाक्य त्यालाही फारसे ठाऊक नसल्याचे दिसते, आणि तेवढ्यापुरता तो आमच्याच नातेवाइकांत शोभतो.

नववी-दहावीच्या मुलांच्या समस्त आप्तेष्टांस, आणि विशेषतः विहिरी असलेल्या आप्तेष्टांस, आमची विनंती एवढीच. मुलाने पुस्तक उघडल्यावर आपणांस बोलावयाचेच असेल तर आधी ‘दिलेलं काय आहे?’ असे विचारावे आणि त्याचे उत्तर येईतो गप्प बसावे. घर्षण नगण्य आहे असे छापले असेल तर ते नगण्य मानावे. ३ सेकंदांनी दगड पाण्यावर आदळत असेल तर ती विहीर, कोणत्याही जिल्ह्यातली असो, ४४.१ मीटर खोल आहे. हे मान्य करून जेवावयास बसावे.